लघवीची गोळी आणि नवतपा : शरीरातले पाणी व क्षार कोण सांभाळते?

उच्च रक्तदाब, हृदयाची कमजोरी, पायांवरची सूज, यकृताच्या आजारात पोटात साठणारे पाणी अशा अनेक दुखण्यांत मूत्रल औषधे दिली जातात. बोलीत त्यांना ‘लघवीची गोळी’ किंवा ‘पाण्याची गोळी’ म्हणतात. नाव साधे आहे, पण ही गोळी नुसते पाणी काढत नाही. ती आधी मीठ काढते आणि पाणी मिठामागे जाते. शरीरातले मीठ-पाणी ठरवणारी संप्रेरके, म्हणजे हॉर्मोन, या गोळीला लगेच प्रत्युत्तर देतात. रुग्णाला बरे वाटणार की चक्कर येणार, हे गोळी आणि संप्रेरके यांच्यातल्या या ओढाताणीवर ठरते.

गोंदिया जिल्ह्यात या ओढाताणीला आणखी काही गोष्टी येऊन मिळतात. मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढतो. २५ मेच्या सुमारास सूर्य रोहिणी नक्षत्रात गेला की नवतपा सुरू होतो. त्याच्या आगेमागे तेंदूपत्त्याची तोडणी आणि उन्हाळी धानाची कापणी चालू असते. जुलैत पाऊस आला की बांध्यांमध्ये वाकून रोवणी. त्या वेळी ऊन कमी असले तरी हवेतला दमटपणा इतका असतो की घाम वाळत नाही. शिवाय पूर्व विदर्भात सिकलसेलचे प्रमाण मोठे आहे आणि तो आजार मूत्रपिंडाच्या पाणी राखण्याच्या शक्तीवरच घाला घालतो. त्यामुळे पाठ्यपुस्तकातला हा कोरडा विषय इथे घरोघरी लागू पडतो.

पाणी कुठे असते?

६० किलो वजनाच्या पुरुषाच्या शरीरात साधारण ३६ लिटर पाणी असते. त्यातले सुमारे २४ लिटर पेशींच्या आत आणि १२ लिटर बाहेर. बाहेरच्यातले जेमतेम ३ लिटर रक्तद्रवाच्या रूपाने रक्तवाहिन्यांत फिरते, बाकीचे पेशींच्या अवतीभवती. स्त्रियांत आणि म्हाताऱ्या माणसांत पाण्याचे प्रमाण याहून कमी असते. म्हणूनच एकाच जुलाबाने तरुण मुलगा सावरतो आणि आजी आडवी होते.

पेशीबाहेरचा मुख्य क्षार सोडियम, पेशीआतला पोटॅशियम. लॅबच्या रिपोर्टवर सोडियम १३५ ते १४५ आणि पोटॅशियम ३.५ ते ५ असे सामान्य आकडे छापलेले असतात; एकक असते दर लिटरमागे मिलिइक्विव्हॅलंट. पोटॅशियमचा सुमारे ९८ टक्के साठा पेशींच्या आत असतो. रक्तात दिसतो तो उरलेला कण. हा कण दोन्ही बाजूंना थोडासा जरी सरकला तरी हृदयाचा ठोका बिघडू शकतो.

एक घोटाळा इथेच दूर केलेला बरा. रिपोर्टमध्ये सोडियम कमी आले की घरचे म्हणतात, ‘जेवणात मीठ वाढवा.’ पण तो आकडा मिठाचा साठा सांगत नाही. तो मिठाच्या मानाने पाणी किती, हे सांगतो. सुजलेल्या पायांच्या हृदयरुग्णात मीठ भरपूर साठलेले असते आणि तरी सोडियम १२८ येऊ शकते, कारण पाणी त्याहून जास्त साठलेले असते. त्याला वरून मीठ दिले तर सूज वाढते. सूज मिठाच्या साठ्याबद्दल बोलते आणि सोडियमचा आकडा पाण्याबद्दल.

आवळणारे आणि सोडणारे हात

दोन्ही मूत्रपिंडे मिळून दिवसाला जवळपास १८० लिटर द्रव रक्तातून गाळतात. त्यातला दीड-दोन लिटरच लघवी म्हणून बाहेर येतो, बाकी सगळा परत घेतला जातो. किती परत घ्यायचे, हा हुकूम संप्रेरकांचा.

पाण्याचा हुकूम व्हॅसोप्रेसिनचा. हे मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमध्ये तयार होते आणि पियुषिका ग्रंथीच्या मागच्या भागातून रक्तात येते. रक्त एक-दोन टक्क्यांनी जरी दाट झाले तरी ते सुटते. मग मूत्रपिंडाच्या शेवटच्या नलिकांच्या भिंतीत पाण्यासाठीची सूक्ष्म दारे बसतात आणि पाणी परत आत ओढले जाते. ही दारे म्हणजे ॲक्वापोरिन. त्यांच्या शोधासाठी पीटर ॲग्री यांना २००३ मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. व्हॅसोप्रेसिन कमी असेल तर लघवी पाण्यासारखी पातळ होते, जास्त असेल तर गडद आणि थोडी. दारू प्यायल्यावर लघवी जास्त होते, कारण दारू हे संप्रेरक दाबते. भर उन्हात कामावरून येऊन दारू पिणारा माणूस म्हणूनच दुप्पट वाळतो.

मिठाचा हुकूम मुख्यतः अल्डोस्टेरॉनचा. त्याची साखळी लांब आहे. मूत्रपिंडाकडे येणारे रक्त कमी पडले की तिथून रेनिन सुटते, रेनिनमुळे अँजिओटेन्सिन बनते, ते रक्तवाहिन्या आवळते आणि मूत्रपिंडावर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींना अल्डोस्टेरॉन सोडायला सांगते. अल्डोस्टेरॉन सोडियम धरून ठेवते आणि त्याच्या बदल्यात पोटॅशियम लघवीत सोडते. ही अदलाबदल लक्षात ठेवावी; पुढच्या निम्म्या गोष्टी तिच्यातूनच निघतात.

उलट बाजूला हृदय स्वतःच एक संप्रेरक बनवते. रक्त जास्त होऊन हृदयाचे कप्पे ताणले की त्यांतून नेट्रियुरेटिक पेप्टाइड सुटतात आणि ती मीठ-पाणी बाहेर काढायला लावतात. १९८१ मध्ये दि बोल्ड आणि सहकाऱ्यांनी उंदराच्या हृदयाचा अर्क दुसऱ्या उंदरांना टोचून हे दाखवले. धाप लागलेल्या रुग्णाची ‘बीएनपी’ तपासणी करतात ती याच कुळातल्या संप्रेरकाची.

उन्हाची सवय होते असे आपण म्हणतो, त्यातही अल्डोस्टेरॉनचा हात असतो. पहिल्या दिवशी उन्हात राबणाऱ्याच्या घामात मीठ भरपूर जाते. आठवडा-दोन आठवडे रोज घाम गाळला की घामाच्या ग्रंथीही अल्डोस्टेरॉनच्या हुकमाने मीठ राखायला शिकतात आणि घाम अळणी होतो. जंगलात रोज तेंदूपत्ता तोडणारी बाई जे ऊन सोसते, ते पुण्या-मुंबईहून लग्नाला आलेल्या नातेवाइकाला झेपत नाही, याचे एक कारण हे.

गोळी नक्की कुठे काम करते?

मूत्रल औषधांची सुरुवात अपघाताने झाली. १९१९ मध्ये व्हिएन्नात वैद्यकाचा विद्यार्थी असलेल्या आल्फ्रेड फोग्ल यांच्या लक्षात आले, की सिफिलिससाठी दिलेल्या पाऱ्याच्या इंजेक्शनाने रुग्णाची लघवी प्रचंड वाढते. पुढची कित्येक वर्षे सूज उतरवायला पाराच टोचला जाई. १९५० च्या दशकाच्या अखेरीस क्लोरोथायझाइड आले आणि तोंडाने घ्यायची सुरक्षित गोळी मिळाली. फ्युरोसेमाइड त्यानंतर १९६० च्या दशकातले.

आज वापरात असलेल्या गोळ्यांचे तीन गट ध्यानात ठेवले तरी पुरे. मूत्रपिंडाच्या नलिकेत ‘हेन्लेचा फास’ नावाचे वळण असते. गाळलेल्या सोडियमपैकी सुमारे पाव हिस्सा तिथे परत घेतला जातो. फ्युरोसेमाइड आणि टॉर्सेमाइड हे काम अडवतात, म्हणून त्या सर्वांत जोरदार. फुफ्फुसात पाणी भरलेल्या रुग्णाला शिरेतून दिले जाते ते फ्युरोसेमाइडच. पुढच्या भागात जेमतेम ५ टक्के सोडियम परत घेतले जाते आणि तिथे थायझाइड गट काम करतो: हायड्रोक्लोरोथायझाइड, क्लोरथॅलिडोन. लघवीच्या जोरात हा गट मवाळ, पण रक्तदाबावर चांगला. सरकारी कार्यक्रमांतून रक्तदाबासाठी मिळणाऱ्या औषधांत ॲम्लोडिपिन आणि टेल्मिसार्टन यांच्या जोडीला क्लोरथॅलिडोन असते. तिसरा गट स्पायरोनोलॅक्टोनचा. तो थेट अल्डोस्टेरॉनची जागा अडवतो. त्यामुळे सोडियम जाते आणि पोटॅशियम मात्र शरीरातच राहते.

वेळेचा फरकही महत्त्वाचा. फ्युरोसेमाइडची गोळी तासाभरात सुरू होते आणि सहा-एक तासांत ओसरते. म्हणून देवरी किंवा सालेकसा भागातून एसटीने तालुक्याला निघालेले रुग्ण त्या दिवशी गोळीच घेत नाहीत. वाटेत लघवीला थांबता येत नाही. ही अडचण खरी आहे आणि तिचे उत्तर गोळी बुडवणे हे नाही. घरी परतल्यावर दुपारी घेता येईल का, हे डॉक्टरांना विचारले तर बहुतेक वेळा वेळ बदलून मिळते. क्लोरथॅलिडोनचे उलटे आहे. ते इतके रेंगाळते की बंद केल्यावरही दोन-तीन दिवस त्याचा अंमल राहतो.

जुलाब लागलेला रक्तदाबाचा रुग्ण

समजा, अर्जुनी मोरगाव तालुक्यातले ६८ वर्षांचे एक शेतकरी आहेत. रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन आणि क्लोरथॅलिडोन रोज घेतात, गोळ्या चुकवत नाहीत. नवतप्यात लग्नाच्या पंगतीहून आल्यावर त्यांना जुलाब सुरू झाले. दुसऱ्या दिवशीही त्यांनी सकाळच्या गोळ्या नेमाने घेतल्या, कारण ‘बीपीची गोळी बंद करायची नाही’ असे त्यांना बजावलेले आहे.

आता आत काय चालते ते पाहू. जुलाबाने आणि घामाने मीठ-पाणी गेले. निरोगी माणसात रेनिन-अँजिओटेन्सिनची साखळी लगेच जागी होते. अँजिओटेन्सिन मूत्रपिंडाच्या गाळणीतून बाहेर जाणारी वाट आवळते, त्यामुळे रक्त कमी असूनही गाळणीतला दाब टिकतो. पण टेल्मिसार्टनने अँजिओटेन्सिनचे काम अडवलेले आहे. वर क्लोरथॅलिडोन मीठ बाहेर टाकतच आहे. अंग दुखते म्हणून त्यांनी दुकानातून डायक्लोफिनॅकची गोळी आणली असेल तर तिसरा दरवाजाही बंद होतो, कारण ही वेदनाशामके गाळणीकडे येणारी वाट सैल ठेवणारी रसायने बनू देत नाहीत. येणारे रक्तच कमी, आत येणारी वाट आवळलेली आणि बाहेर जाणारी सैल. गाळणीत दाब उरत नाही. लघवी बंद पडते, क्रिएटिनिन चढते.

या तीन औषधांच्या एकत्र माऱ्याला वैद्यकात ‘तिहेरी तडाखा’ अशा अर्थाचे नाव आहे. रोवणीच्या दिवसांत कंबर धरली म्हणून रोज वेदनाशामक घेणाऱ्या रक्तदाबाच्या रुग्णांना जुलाब नसतानाही तो बसू शकतो. दुकानदाराला ‘मी बीपीची आणि लघवीची गोळी घेतो’ एवढे सांगितले तरी पुष्कळ टळते. ताप-अंगदुखीला पॅरासिटामॉल योग्य मात्रेत घेणे मूत्रपिंडाच्या दृष्टीने त्या मानाने सुरक्षित.

म्हणून अनेक देशांतले डॉक्टर रुग्णांना ‘आजारी दिवसाचा नियम’ शिकवतात. उलट्या, जुलाब किंवा जोराचा ताप असेल आणि पाणी पोटात ठरत नसेल, तर मूत्रल गोळ्या, टेल्मिसार्टनसारख्या गोळ्या, तसेच मधुमेहाच्या मेटफॉर्मिन आणि डॅपाग्लिफ्लोझिन या गोळ्या तेवढ्यापुरत्या थांबवायच्या आणि खाणेपिणे सुरळीत झाल्यावर, साधारण एक-दोन दिवसांत, पुन्हा सुरू करायच्या. हा नियम स्वतःच्या मनाने लावायचा नाही. हृदय कमजोर असलेल्या रुग्णाने फ्युरोसेमाइड बंद केले तर दोन-तीन दिवसांत फुफ्फुसात पाणी भरू शकते. कोणती गोळी थांबवायची, किती दिवस आणि केव्हा दाखवायला यायचे, हे उन्हाळा लागण्याआधीच्या तपासणीत डॉक्टरांकडून चिठ्ठीवर लिहून घेणे सगळ्यांत सोपे. मे महिन्यात रात्री अकरा वाजता ते विचारायला कोणी भेटत नाही.

पेज, चहा आणि उतरलेले सोडियम

थायझाइड गटाचा सर्वांत फसवा दुष्परिणाम म्हणजे सोडियम उतरणे. तो बहुतेक म्हाताऱ्या, किडकिडीत बायकांत दिसतो आणि अनेकदा गोळी सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांतच. आजी सुस्त होतात, असंबद्ध बोलतात, तोल जातो, पडतात. घरचे म्हणतात, वय झाले. रक्तात सोडियम ११८ असते.

हे थायझाइडनेच का होते आणि अधिक जोरदार फ्युरोसेमाइडने त्या मानाने कमी का, याचे उत्तर मजेशीर आहे. व्हॅसोप्रेसिनने पाणी परत ओढायचे तर मूत्रपिंडाच्या आतल्या गाभ्यात मिठाची दाट पेढी असावी लागते. ही पेढी हेन्लेचा फास बांधतो. फ्युरोसेमाइड फासच बंद पाडते, पेढी रिकामी होते आणि व्हॅसोप्रेसिनला पाणी ओढायला जोर उरत नाही. थायझाइड पेढीला हात लावत नाही. फक्त लघवी पातळ करण्याची पुढची पायरी मोडते. त्यामुळे मीठ जात राहते आणि पाणी मात्र अडकते.

यात जेवणाचाही वाटा असतो. मूत्रपिंडाला पाणी बाहेर टाकायला सोबत थोडे तरी क्षार आणि प्रथिनांपासून बनलेला युरिया लागतो. निव्वळ पाणी ते टाकू शकत नाही. पोटभर वरण-भात-भाजी खाणाऱ्याच्या शरीरातून रोज सुमारे ६०० एकके असा घनपदार्थ बाहेर जातो, आणि लघवी जास्तीत जास्त पातळ केली तर दर लिटरला ५० एकके लागतात. म्हणजे तत्त्वतः १२ लिटरपर्यंत पाणी निघू शकते. दात गेले म्हणून पातळ पेज आणि चार कप चहावर दिवस काढणाऱ्या आजीकडे हाच साठा २०० एककांचा असेल. वर थायझाइडमुळे लघवी लिटरला २०० च्या खाली पातळच होत नसेल, तर दिवसाला जेमतेम एक लिटर पाणी बाहेर पडते. आणि उन्हाळा आहे म्हणून घरचे प्रेमाने तीन-चार लिटर पाणी पाजतात.

पेज वाईट नाही. जुलाबात मीठ घातलेली पेज उत्तमच. पण तिच्याबरोबर वरण, अंडे, दही, भिजवलेले चणे असे काही प्रथिन पोटात गेले पाहिजे. आणि ‘भरपूर पाणी प्या’ हा सल्ला सगळ्यांना सारखा लागू नाही, हे उन्हाळ्यातल्या जाहिरातींत सांगितले जात नाही.

फार उतरलेले सोडियम घाईने चढवणेही धोक्याचे. मेंदूच्या पेशींनी कमी सोडियमशी जुळवून घेतलेले असते. ते झपाट्याने वाढवले तर मज्जातंतूंवरचे आवरण फाटते आणि कायमचे अपंगत्व येऊ शकते. म्हणून डॉक्टर साधारणपणे २४ तासांत ८ ते १० च्या वर चढू देत नाहीत आणि वारंवार रक्त तपासतात. ‘तीन दिवस झाले तरी नॉर्मल आले नाही’ अशी नातेवाइकांची तक्रार असते, पण तिथे सावकाशी हाच उपचार असतो.

पोटॅशियम : दोन्हीकडून कडा

फ्युरोसेमाइड आणि थायझाइड दोघांनीही पोटॅशियम उतरते. नलिकेच्या शेवटच्या भागात जास्त सोडियम पोहोचते, अल्डोस्टेरॉन ते धरायला धावते आणि बदल्यात पोटॅशियम सोडते. पायांत गोळे, हातापायांत बळ नसणे, पोट फुगणे, धडधड ही लक्षणे. हृदयासाठी डिगॉक्सिन घेणाऱ्याला उतरलेले पोटॅशियम विशेष घातक. पोटॅशियमचे औषध देऊनही आकडा चढत नसेल तर मॅग्नेशियम पाहावे लागते. तेही याच गोळ्यांनी जाते आणि ते कमी असेपर्यंत पोटॅशियम टिकत नाही.

दुसरी कडा अधिक निसरडी आहे. स्पायरोनोलॅक्टोन आणि टेल्मिसार्टन यांच्यासारखी औषधे पोटॅशियम अडवतात. १९९९ मध्ये ‘राल्स’ नावाच्या चाचणीचे निष्कर्ष आले: गंभीर हृदयरुग्णांत स्पायरोनोलॅक्टोनने मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटले. औषधाचा वापर झपाट्याने वाढला. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात मात्र त्यानंतर पोटॅशियम चढून रुग्णालयात भरती होणाऱ्यांची आणि मरणाऱ्यांची संख्याही वाढल्याचे २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. चाचणीत रुग्ण निवडून घेतले होते आणि त्यांचे रक्त वेळोवेळी तपासले जात होते. बाहेर तसे झाले नाही. औषध तेच, फरक पडला तो तपासण्यांचा.

चढलेले पोटॅशियम बहुधा लक्षण न देताच वाढते आणि पहिली सूचना ईसीजीतच दिसते. म्हणून ही औषधे सुरू केल्यावर पहिल्या आठवडा-दोन आठवड्यांत आणि नंतर ठरावीक काळाने क्रिएटिनिन-पोटॅशियम तपासणे हे उपचाराचाच भाग समजावे. बाजारात मिळणाऱ्या ‘कमी सोडियमच्या’ मिठात सोडियमऐवजी पोटॅशियम क्लोराइड घातलेले असते. निरोगी माणसाला ते चांगले; मूत्रपिंडाचा आजार असलेल्याला किंवा ही औषधे घेणाऱ्याला डॉक्टरांना न विचारता ते वापरणे धोक्याचे.

सिकलसेल : हुकूम पोहोचतो, काम होत नाही

मध्य भारतात सिकलसेल आढळल्याची नोंद नागपूरचे शुक्ला आणि सोळंकी यांनी १९५८ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात केली. आज गोंदिया, भंडारा, गडचिरोली, चंद्रपूर या पट्ट्यात ‘सिकल’ हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलहून सुरू झाले.

या आजारात रक्तपेशी कोयत्यासारख्या वाकतात, हे सर्वांना माहीत असते. त्या कुठे सर्वांत सहज वाकतात, हे कमी जणांना. मूत्रपिंडाचा गाभा म्हणजे वर सांगितलेली मिठाची पेढी. तिथे प्राणवायू कमी, आम्लता जास्त आणि मीठ दाट. पेशी वाकायला याहून अनुकूल जागा शरीरात क्वचितच सापडेल. बारीक रक्तवाहिन्या तुंबतात आणि लहानपणापासूनच पेढी ढासळत जाते. मग व्हॅसोप्रेसिन भरपूर सुटते, हुकूम नलिकेपर्यंत पोहोचतो, दारेही उघडतात, पण पाणी ओढायला जोरच नसतो. निरोगी मूत्रपिंड लघवी १२०० एककांपर्यंत दाट करू शकते. सिकलच्या रुग्णात ती ४००-४५० च्या आसपासच थांबते.

परिणाम घरात दिसतो. मूल मोठे झाले तरी रात्री अंथरूण ओले करते, दोन-तीनदा उठते, शाळेत सतत पाणी पिते आणि लघवीला जाते. त्याला आळशी किंवा घाबरट म्हणून मारले जाते. ते मूल पाणी राखूच शकत नाही. त्याला रात्री पाणी तोडणे हा उपाय नव्हे, कारण पाणी कमी पडले की रक्त दाट होते, पेशी आणखी वाकतात आणि हाडे दुखण्याचा झटका येतो. अंथरूण ओले होऊ नये म्हणून दिले जाणारे डेस्मोप्रेसिन, म्हणजे व्हॅसोप्रेसिनची कृत्रिम आवृत्ती, इथे बहुधा निष्फळ ठरते. उणीव संप्रेरकाची नसतेच.

सिकलचा रुग्ण ‘लघवी तर पांढरी होते, म्हणजे पाणी पुरेसे आहे’ असेही समजू शकत नाही. त्याची लघवी वाळलेल्या अवस्थेतही फिकटच राहते. त्याच्यासाठी तहान, कोरडी जीभ आणि उठताना येणारी चक्कर याच खुणा. वाहकांमध्येही, म्हणजे ज्यांना आजार नाही पण दोष एका बाजूने आला आहे त्यांच्यात, लघवी दाट करण्याची शक्ती वयानुसार थोडी कमी होऊ शकते. सिकलच्या रुग्णाला मूत्रल गोळी द्यायची वेळ आली तर डॉक्टर फार जपून देतात. म्हणून दुसऱ्या गावच्या दवाखान्यात गेल्यावर आपले सिकलचे कार्ड दाखवावे.

बाटली, पाकीट आणि पुडी

अशक्तपणा आला की ‘एक बाटली लावून द्या’ म्हणण्याची पद्धत आहे. नॉर्मल सलाईनच्या ५०० मिलिलिटर बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असते. जागतिक आरोग्य संघटना दिवसभराच्या जेवणात ५ ग्रॅमहून कमी मीठ सांगते. कमजोर हृदयाच्या माणसाला ही बाटली म्हणजे महिनाभराच्या लघवीच्या गोळ्यांच्या मेहनतीवर पाणी. ग्लुकोजच्या बाटलीत मीठ नसते. ग्लुकोज पेशी वापरून टाकतात आणि उरते निव्वळ पाणी. सोडियम आधीच उतरलेल्याला ती घातक. बाळंतपणात कळा वाढवायला देतात ते ऑक्सिटोसिन रचनेने व्हॅसोप्रेसिनचे सख्खे भावंड आहे आणि मोठ्या मात्रेत तेही पाणी अडवते. म्हणून ते कोणत्या सलाईनमधून आणि किती द्यायचे, याचे नियम ठरलेले आहेत.

जुलाबावर जलसंजीवनीच. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी सलाईन संपल्यावर हजारो कॉलराग्रस्तांना तोंडाने मीठ-साखरेचे पाणी देऊन वाचवले. आतड्यात साखर आणि सोडियम जोडीने आत शिरतात आणि पाणी त्यांच्यामागे जाते, हे त्यामागचे शास्त्र. आजच्या प्रमाणित पाकिटातल्या लिटरभर द्रावणात सोडियम ७५ आणि पोटॅशियम २० एकके असतात. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. नाव सारखे असलेली गोड पेये वेगळी. त्यांत साखर फार आणि सोडियम थोडे. अशा पेयांवर ‘ओआरएस’ शब्द वापरायला अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली.

आणि पुडी. गुडघेदुखीवर जादूसारखा गुण देणाऱ्या बिननावाच्या पुड्यांत पुष्कळदा स्टेरॉइड असते. त्याने मीठ-पाणी साठते, चेहरा गोल होतो, रक्तदाब आणि साखर चढते. खरा धोका पुडी अचानक बंद केल्यावर येतो. महिनोन्‌महिने बाहेरून स्टेरॉइड मिळाल्याने अधिवृक्क ग्रंथी झोपी गेलेल्या असतात. मग साध्या तापातही रक्तदाब कोसळतो, उलट्या होतात, सोडियम उतरते. अशा रुग्णात पोटॅशियम सहसा चढत नाही, कारण अल्डोस्टेरॉनची साखळी शाबूत असते. उतरलेल्या सोडियमचे कारण शोधताना डॉक्टरांना हा धागा उपयोगी पडतो. त्यासाठी रुग्णाने पुडीची गोष्ट लपवता कामा नये.

घरी काय पाहता येते?

सर्वांत उपयोगी उपकरण म्हणजे वजनकाटा. दोन-तीन दिवसांत दोन किलो वजन वाढले तर ती चरबी नसते, दोन लिटर पाणी असते. हृदयरुग्णाने सकाळी लघवी करून आल्यावर, काही खाण्याआधी, त्याच काट्यावर वजन करून कॅलेंडरवर लिहावे. घरात काटा नसेल तर जवळच्या आरोग्य उपकेंद्रात आठवड्यातून दोनदा जाणेही चालते. पोटातले पाणी उतरवायला स्पायरोनोलॅक्टोन घेणाऱ्या यकृताच्या रुग्णाचे, पायांवर सूज नसेल तर, दिवसाला अर्ध्या किलोपेक्षा जास्त वजन घटू नये. पोटातले पाणी रक्तात परत यायला वेळ लागतो आणि घाई केली तर मूत्रपिंडे कोरडी पडतात.

वजन झपाट्याने उतरणे, उठताना डोळ्यांसमोर अंधारी, बारा तास लघवी नसणे, बोलण्यात गोंधळ, किंवा छातीत अनियमित धडधड यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. सोबत घेत असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे न्यावीत, दुकानातून आणलेलीही. गोंदियात २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, पण दूरच्या गावातून निघालेल्या रुग्णाला वाटेतले ग्रामीण रुग्णालय आधी लागते आणि तिथे ईसीजी काढून घेतला तरी पुढचा प्रवास करायचा की आधी इंजेक्शन द्यायचे, हे ठरवता येते.